दहा नंबरचा पाना

कडेगावच्या बाजारात, ऐन गर्दीच्या वेळी, नाथाजी सुभेदारांची गाडी दोन आचके देऊन बंद पडली आणि सुभेदारांचं डोकंच फिरलं. वांगीवाली तराजू तसाच हातात धरून बघत राहिली. मागच्या एसटीवाल्यानं हॉर्नवर ठेवलेला हात काढायचं नाव घेईना. त्यात कुणीतरी एक बेणं ओरडलं, "सुबेदार, ढकलू का?"

झालं! ज्या माणसानं उभी हयात फौजेच्या गाड्या बर्फातनं नि वाळूतनं हाकल्या, त्याला भर बाजारात ढकलू का म्हणून विचारतात! सुभेदारांच्या झुपकेदार मिशा थरथरल्या. दार धाडकन आपटून ते जे निघाले, ते तडक महेंद्रच्या गॅरेजवर.

महेंद्र म्हणजे सुभेदारांच्या पोराचा, विश्वजीतचा, आयटीआयपासूनचा दोस्त. माण तालुक्यातला, दहिवडीकडचा. बाप धोंडीबा मुंबईत गोदीत हमाली करून पोराला शिकवत होता, तो तिकडंच खपला. पोरानं पुण्यात राहून नव्या गाड्यांचं काम शिकून घेतलं आणि इथं आप्पासोंच्या गाळ्यात गॅरेज टाकलं. साल नव्व्याण्णव. नव्या गाड्यांतनं कार्ब्युरेटर जाऊन कॉम्प्युटर आलेला, आणि त्या डब्याला हात लावायची ह्या भागात एकाचीही छाती होत नव्हती.

आता ह्या विश्वजीतला काय दुर्बुद्धी सुचली बघा. चांगली नवीकोरी गाडी, तिला कोल्हापुरातनं मोकळा सायलेन्सर बसवून आणला, वर मोठा एअर फिल्टर. का, तर गाडी पळाली पाहिजे! ऊस काय पळून चालला होता का ह्याचा? इंजिन जास्तीची हवा ओढायला लागलं, आणि किती हवेला किती पेट्रोल द्यायचं हा कॉम्प्युटरचा सगळा हिशेब कोलमडला. मग महेंद्रनं आपलं यंत्र जोडून तो हिशेब नव्यानं बसवून दिला. "आता थोडे दिवस सबुरीनं चालवा," म्हणाला. "बारीकसारीक हाय ते चालता चालता ती आपली आपण शिकती."

शिकती कसली डोंबल! दिवसभर गाडी लोण्यासारखी चालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोकायला लागायची. परत महेंद्रकडं न्यायची, तो परत यंत्र जोडायचा, संध्याकाळपर्यंत झकास. सकाळ झाली की पहिले पाढे पंचावन्न. असं चार-पाचदा झालं, आणि आज तर बाजारात अब्रूचा पंचनामा झाला.

"ए महिंद्रा, भाईर ये!" सुभेदार गॅरेजच्या दारातनं गरजले. "काय मेख मारून ठेवलीस रं गाडीत? दर खेपेला परत तुज्याकडंच यावं म्हणून व्हय?"

महेंद्र हात पुसत बाहेर आला. "आवं नाना, तसं कसं करीन मी?"

"तसंच करतोयस! काम येत न्हाई तर गॅरेज कशाला टाकलंस? तुज्या बापानं तरी कवा गाडी बघितली हुती का रं?"

बोलून गेले. महेंद्रचा चेहरा खर्रकन उतरला. तोवर बाजार सगळा तिथं गोळा झालेला, त्यात गाळ्याचे मालक आप्पासोही होते. ते घसा खाकरून म्हणाले, "महेंद्र, सुबेदारांचा शब्द खोटा पाडायची माजी तयारी न्हाई. ह्याचा निकाल लागला न्हाई, तर गाळा मोकळा करून दे बाबा."

पोराच्या पायाखालची जमीनच सरकली. पण तो रडला नाही की हात जोडले नाहीत. तडक बाजारात जाऊन बंद गाडीत डोकावून आला. म्हणाला, "ह्या गाडीचं घड्याळ काल मी माज्या हातानं लावलंय. आज बघितलं तर परत बारा दाखवतंय. रात्रीतनं गाडीला कुणीतरी हात लावतंय. आणि ते तुमच्या दारात, सुबेदारसाहेब."

नाना म्हणायचा, तो आता साहेब म्हणाला. रागाच्या भरात सुभेदारांच्या ते ध्यानातही आलं नाही.

घड्याळाचं म्हणाल तर ते गाडी घेतल्यापासनंच बिघडलंय, असं घरात सगळे धरून चालले होते. पण माझ्या दारात? माझ्या गाडीला? सुभेदारांचा आवाज पार त्या टोकाच्या भजीवाल्यापर्यंत गेला. "माज्या दारातल्या गाडीला हात लावणारा आजून जन्मायचा हाय! दोष माज्या घरात निघाला, तर ही मिशी उतरवीन! सगळ्यांम्होरं सांगतो!"

"मग मला आजची संध्याकाळ तुमच्या अंगणात बसू द्या," महेंद्र म्हणाला.

"बस की! कोण न्हाई म्हणतंय?"

महेंद्रनं यंत्र लावून गाडीचा हिशेब पुन्हा बसवून दिला आणि दिवस कलायला सुभेदारांच्या अंगणात येऊन पायरीवर बसला. सुभेदारांच्या मंडळींनी, लीलाबाईंनी, चहा आणून दिला. विश्वजीत नेहमीप्रमाणं मोटर चालू करायला मळ्यात गेलेला. सुभेदार खुर्ची टाकून गाडीसमोर बसले. पहाऱ्यावर बसावं तसे ताठ.

दिवेलागण झाली. लीलाबाईंनी तुळशीपुढं दिवा लावला. तसे सुभेदार उठले, कोनाड्यातला दहा नंबरचा पाना घेतला, गाडीचं बॉनेट उघडलं, बॅटरीचा नट सैल केला आणि तार काढून बाजूला ठेवली. बॉनेट बंद करून त्यावर दोन थापा मारल्या. सगळं कसं सहज, देवाला हात जोडावेत तसं.

"हं, आता तू ऱ्हा राखत," सुभेदार म्हणाले. "बघू कोण माईचा लाल हात लावतोय."

महेंद्रच्या हातातला चहा तसाच राहिला. त्याला आधी वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

"सुबेदारसाहेब, हे काय केलं तुमी?"

"काय केलं?"

"आत्ता. बॅटरीची तार काढलीत ती."

"मग? गाडी झोपवली." सुभेदारांना प्रश्नच कळेना. "रोज झोपवतो. पहाटं उठून परत जोडतो. गाडी जागी ठिवून माणसानं झोपू ने कवा."

"रोज?"

"आरं, रोज म्हंजे रोज! तिकडं पठाणकोटला आमच्या आकारामची गाडी रातीत तारेला तार लागून पेटली. मागं झोपला हुता बिचारा. सकाळी आमी..." सुभेदार थांबले. "तवापासनं एक रात चुकवली न्हाई. फौजेतबी न्हाई, हितंबी न्हाई."

महेंद्रनं कप खाली ठेवला. हळू आवाजात म्हणाला, "मी त्या डब्यात जे बसवतो, आणि दिवसभर चालून ती जे शिकती, ते सगळं ह्या बॅटरीवर टिकतं. तार काढली की पुसलं, घड्याळासकट. दर सकाळी ती परत पहिलीच्या वर्गात जाऊन बसती."

"मग आदी कसं चालत हुतं?"

"आदी सगळं कंपनीचं हुतं. नव्यानं काय शिकायचंच नव्हतं तिला."

सुभेदार हातातल्या पान्याकडं बघायला लागले. चोर धरायला बसले होते आणि चोर त्यांच्याच हातात निघाला, तोही साक्षीदार समोर बसवून! कानशिलं तापली. बाजारातलं एकेक वाक्य आता उलटं फिरून त्यांच्याच अंगावर यायला लागलं, आणि बापाबद्दलचं ते वाक्य तर सगळ्यांच्या आधी.

"आगं, तुला म्हाईत हुतं की गं मी तार काढतो ते!" ते लीलाबाईंवर उखडले.

"म्हाईत हुतं," लीलाबाई म्हणाल्या. "मला कुणी इचारलं?"

महेंद्र उठला, तार परत जोडली, यंत्र लावून गाडी नव्यानं बसवली आणि रामराम करून निघून गेला. जाताना एका शब्दानं टोचलं नाही, आणि सुभेदारांना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी महेंद्र गॅरेजची झाडलोट करत होता. सामानाची खोकी दाराशी भरून ठेवलेली, कारण म्हातारा बाजारात येऊन आपली चूक कबूल करील यावर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. इतक्यात दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. ओठावरची कातडी पांढरीफटक, गाल बसलेले.

"कोण पायजे, बाबा?" महेंद्रनं विचारलं.

"मी हाय रं, महिंद्रा."

आवाज ओळखला आणि महेंद्रच्या हातातला झाडू गळून पडला. "आवं नाना! हे काय करून बसलात?"

शेजारचा टपरीवाला पळत आला, त्याच्यामागं पाचपन्नास माणसं. आप्पासो तर सुभेदारांकडं बघून चपला घालायलाही विसरले. सुभेदारांनी सगळ्यांवरनं एकदा नजर फिरवली.

"ऐका रं सगळ्यांनी! गाडी ह्या पोरानं बिघडवली न्हाई. रोज सांच्याला मी बिघडवत हुतो, माज्या हातानं. आप्पासो, गाळा ह्याचाच ऱ्हाईल." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि धोंडीबाचं नाव काढलं, ते लय चुकलं माजं. मिशी परत येईल. त्यो शबूद काय मागं घेता येत न्हाई मला."

सुभेदारांनी खिशातनं दहा नंबरचा पाना काढून त्याच्या हातात दिला.

"हे तुज्यापाशी ठेव. घरात असलं तर सांच्याला हात ऐकायचा न्हाई माजा."

"पण नाना, तार न काढता झोप लागंल का तुमाला?"

"न्हाई लागायची," सुभेदार म्हणाले. "गाडी जागी, तर मीबी जागा. आकारामची गाडी पेटली, तवा झोपलो हुतो."