घसा खाकरणारं अक्षर

वेल्श अक्षरांचे उच्चार पोरांच्या डोक्यात काही केल्या शिरेनात. म्हणून शिक्षिका लोवरीनं एकेका अक्षराचं कार्टून काढून वर्गाच्या भिंतीवर लावलं. घशातून ‘ख्ख्’ करत येणाऱ्या अक्षराला तिनं टक्कल, झुपकेदार मिशा आणि चौकड्यांचं जाकीट दिलं.

रविवारी चॅपेलमध्ये कारभारी एम्रिसकाकांनी प्रार्थनेआधी सवयीनं घसा खाकरला. पुढच्या बाकावरची अकरा पोरं एका सुरात ओरडली, “ख्ख्!”

सोमवारी काका वर्गात हजर.

“हा टकल्या कोण गं?”

“अक्षर आहे, काका.”

“मग अक्षराच्या अंगात माझं जाकीट कसं?”

जाकीट बरं ओळखलं, टक्कल नाही ओळखलं, लोवरी मनात म्हणाली.

तेवढ्यात काकांची नजर शेजारच्या अक्षरावर गेली. जांभळी टोपी घालून फिस्कारणारी जाडी मांजर.

“अगं, ही तर आमची नेस्टा!” काका पोट धरधरून हसले. “हुबेहूब! तिला कळलं तर तुझी खैर नाही.”

“कळलंय. बघून चित्र काढायला टोपी नेस्टाकाकूंनीच पिशवीतून आणून दिली होती.”

काकांचं हसू अडकलं.

“आणि माझं जाकीट?”

“त्याच पिशवीत होतं.”