उजवी कळ

मी एक जुना माऊस आहे, आहे.

मित्रांनो, छापण्यात चूक झालेली नाही. माझं डावं बटण झिजलंय. एकदा दाबलं की ते दोनदा उमटतं. तेच दुखणं आता माझ्या बोलण्यातही उतरलंय. मन फार भरून आलं की माझा शब्द दोनदा येतो. तेवढं सांभाळून घ्या.

भोसरीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, कपाटावर, फरसाणाच्या रिकाम्या डब्यात माझा मुक्काम आहे. डब्याचं झाकण नीट बसत नाही. फटीतून खालचं टेबल दिसतं. टेबलावर तो असतो.

त्याच्याबद्दल मी नंतर बोलेन. आधी माझ्याबद्दल. निदान या गोष्टीत तरी आधी मी.

टिक-टिक

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं आणि माझी पाठ तयार झाली. रुंद, भरदार पाठ. पोटात दोन कळा बसवल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. कळ म्हणजे बटणाखालचा छोटासा खटका. दोघी एकाच पेटीतून आलेल्या, जुळ्या बहिणीच म्हणा.

बंदुकीच्या खेळात डावी कळ गोळी सोडते आणि उजवी कळ नेम धरते. डावीला क्षणभर उसंत नसते. उजवी शांत असते. लोक गोळीचं कौतुक करतात, नेमाचं कोणी करत नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते उपयोगी पडणार आहे.

मला गणराजने घरी आणलं. त्याचा पंजा म्हणजे फावडं. माझ्या पाठीवर तो पसरला की मी पुरता झाकला जायचो. काय दिवस होते! त्याचे मित्र मला हातात घेऊन म्हणायचे, "भावा, माऊस आहे का रणगाडा?" माझी छाती फुगायची. मग गणराजला संभाजीनगरला नोकरी लागली. कॉम्प्युटर घरीच राहिला, मी राहिलो आणि त्याची धाकटी बहीण निशिगंधा माझ्यासमोर येऊन बसली.

निशिगंधा कुरुळीतल्या एका कंपनीत काम करते. तिथे गाड्यांच्या दिव्यांचे सर्किट बोर्ड बनतात. दिवसभर ती बारीक बारीक तारांना सोल्डरिंग मारते. शिफ्ट सुटली, कंपनीच्या बसमधून उतरली, हातपाय धुतले, की ती माझ्याकडे यायची. तिचा नेम गणराजपेक्षा चांगला होता. एकाग्र झाली की ती खालचा ओठ दाताखाली धरायची. हे फक्त मला आणि स्क्रीनला माहीत होतं.

पण तिचा हात लहान. माझी पाठ तिच्या तळव्यात मावायची नाही. बटणापर्यंत पोचायला तिला बोटं ताणावी लागायची, आणि मनगट हवेत लोंबायचं. हळूहळू तिच्या मनगटात कळ येऊ लागली.

मित्रांनो, बघा, इथेही तोच शब्द. माझ्या पोटातली ती कळ आणि तिच्या हातातली ती पण कळच. मी मनाशी म्हणायचो, ही कंपनीतली कळ आहे. दिवसभर सोल्डरिंग केल्यावर हात दुखणारच. माझा काय संबंध?

तिचे वडील ज्योतीराम भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर आहेत. मूळचे अहमदपूरकडचे. ते दारातूनच ओरडायचे, "अगं माय, मनगटाला पट्टा बांधून काय करायलीस? त्या उंदरापायी हात मोडून घेशील!"

उंदीर म्हणायचे ते मला. मी मनाला लावून घ्यायचो नाही. तिचा हात माझ्यावर होता. मला दुसरं काही नको होतं, नको होतं.

टिक-टिक

मग माझी डावी कळ बिघडली.

निशिगंधा आणि तिची मैत्रीण स्वरूपा एका संघातून खेळायच्या. दसऱ्याच्या दिवशी दुपारी पिंपरीत स्पर्धा व्हायची होती. निशिगंधा संघाची लांबून मारणारी. तिच्या बंदुकीत एका वेळी एकच गोळी असते. ती चुकली की पुन्हा भरेपर्यंत समोरचा सोडत नाही. आणि मी एका दाबात दोन इशारे द्यायचो. पहिल्याला बंदुकीवरची दुर्बीण हलायची आणि दुसऱ्याला गोळी भलतीकडे सुटायची.

"निशे, तू मारतेस का शिंकतेस?" सरावाच्या वेळी स्वरूपा कानातल्या स्पीकरमधून ओरडली. "असंच चाललं तर तुझ्या जागी रणजीतला उतरवतील. राखीव म्हणून तो बाशिंग बांधूनच बसलाय."

"माऊस बदलते," निशिगंधा म्हणाली.

एवढंच. दोन शब्द. इतक्या वर्षांच्या सोबतीचा निकाल दोन शब्दांत लागला, लागला.

टिक-टिक

पिंपरी कॅम्पातल्या दुकानात ती मलाही घेऊन गेली. मापाला म्हणून. पिशवीतून काढून मला काउंटरवर ठेवलं आणि दुकानदार शेखरने माझ्याशेजारी एकामागून एक सगळे मांडले. मित्रांनो, आपल्या डोळ्यांदेखत आपल्या जागेसाठी उमेदवार बघितले जाणं काय असतं, ते तुम्हाला कधी कळू नये.

"बसून घ्या मॅडम," शेखर म्हणाला. "उभ्याने माऊस कळत नाही."

स्वरूपा हसली. "चहा-पोहे सांगा ना भाऊ. बघण्याचा कार्यक्रम आहे हा."

पहिला आला तो इंद्रधनुष्यासारखा झगमगत होता. निशिगंधाने हात ठेवला आणि लगेच काढला. "दिसायला चांगला आहे, पण बोटांना टोचतो."

"मुलगा गोरा आहे, स्वभावाने वाईट," स्वरूपा म्हणाली.

दुसऱ्याच्या कुशीला इतकी बटणं होती की अंगठा ठेवायला जागाच नव्हती. तिसरा जड होता. डावीकडून उजवीकडे झटकन वळवताना तिचं मनगट अडलं. मला आतून गुदगुल्या होत होत्या. नापास. नापास. चला, घरी चला.

तेव्हा शेखरने विचारलं, "तुम्ही माऊस धरता कसा? पूर्ण पंजा टेकवता, बोटं वाकवता, की नुसत्या टोकांनी?"

तिने मला धरून दाखवलं. शेखरने तिच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा तुमच्या मापाचा नाहीच. कोणाचा आहे?"

"दादाचा."

"मग दादाच्या चपला घालून पळताय तुम्ही."

आणि त्याने आतून तो काढला. बुटका. हलका. पाठीला जाळी, मधाच्या पोळ्यासारखी भोकं, वजन कमी व्हावं म्हणून. निशिगंधाने डोळे मिटून त्यावर हात ठेवला. बोटं आपोआप वाकून बटणांवर बसली. मनगट काउंटरला टेकलं. आणि तिने असा एक श्वास सोडला, जो माझ्यावर हात ठेवून तिने कधीच सोडला नव्हता.

"या आकाराचा शेवटचाच नग आहे," शेखर म्हणाला.

मला त्या श्वासाचा हेवा वाटला. अजून वाटतो, वाटतो.

टिक-टिक

आता त्याच्याबद्दल.

त्याच्याबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. त्याला भोकं आहेत. त्याची वायर बुटाच्या नाडीसारखी मऊ आहे. त्याला सवत म्हणावं, तर आम्ही दोघेही पुल्लिंगी. व्याकरणात माझ्या दुःखाला नावसुद्धा नाही. तिने त्याला पुसायला मऊ फडकं आणलं. मला ती ओढणीच्या टोकाने पुसायची. पूर्वी मला त्यात माया दिसायची. आता वाटतं, फडकं आणता आलं असतं.

त्याच्याबरोबर खेळताना ती ओठ दाताखाली धरते. तसाच. तोच ओठ.

मी टेबलाच्या कोपऱ्यात पडून रोज एकच मागणं मागायचो. याचं काहीतरी बिघडू दे. फार नको. थोडंसं.

टिक-टिक

खंडेनवमी आली. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी ग्राइंडर धुतात, लेथला झेंडूची माळ घालतात, सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावतात. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. ज्योतीराम संध्याकाळी घरी आले आणि त्यांनी इथेही पाट मांडला. पाटावर विळी ठेवली, पाना ठेवला. बायको दुर्गाबाईंच्या शिलाई मशीनची कात्री ठेवली. निशिगंधाचं सोल्डरिंगचं यंत्र ठेवलं. मग ते टेबलापाशी आले.

"अहो, त्याला कशाला?" दुर्गाबाई म्हणाल्या. "ते खेळायचं आहे."

"उद्या लेक त्याच्यावर लढाईला जायलीय," ज्योतीराम म्हणाले. "मग हत्यारच की ते."

एवढी वर्षं ज्याला उंदीर म्हटलं, त्याला आज हत्यार म्हणाले. पण उचललं कोणाला? त्याला. मी तिथेच होतो, वीतभर अंतरावर.

"तो जुना पण घ्या," दुर्गाबाई म्हणाल्या.

"आता चालत न्हाई ते."

ज्योतीरामांनी वाटीत कुंकू पाण्यात कालवलं, ग्राइंडरला लावतात तसं, ओलं, भरपूर. बोट बुडवून त्याच्या जाळीच्या पाठीवर ठसठशीत टिळा काढला. वर अक्षता टाकल्या. लोखंडाला काय होतंय? पण त्याची पाठ लोखंडाची नव्हती. भोकातून लाल थेंब आत उतरताना मला दिसला. एक. मागून दुसरा. निशिगंधा बाहेर आपट्याची पानं निवडत होती.

ज्योतीरामांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. येत असतं तरी ओरडलो असतो का, ते मला विचारू नका, विचारू नका.

टिक-टिक

दसऱ्याच्या सकाळी निशिगंधाने त्याला जोडलं. डावं बटण दबलं आणि दबलेलंच राहिलं. आत कुंकवाचा चिखल वाळून बसला होता. एक तांदूळही अडकला होता.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "याच्यावर ओलं कुंकू लावलंत?"

ज्योतीराम चहाचा कप तसाच धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा बघवेना. "माय, मला वाटलं... म्हणजे त्याला भोकं हायत हे..."

ती चिडली नाही. तिने शेखरला फोन लावला. तसा दुसरा नग आठवड्याशिवाय येणार नव्हता. स्वरूपाचा फोन आला, "निशे, येतेस ना? का रणजीतला बूट घालायला सांगू?" निशिगंधाने फोन ठेवला.

आणि तिने मला उचललं.

मला! वायर जोडली, माझा दिवा लागला, तिचा हात माझ्या पाठीवर आला. मी तिच्याकडे बघून घेतलं. ओठ दाताखाली. सगळं पूर्वीसारखं, सगळं माझं.

मग तिने बोटं ताणली आणि तिचं मनगट पुन्हा हवेत लोंबलं. मधल्या काळात तिचा हात दुखायचा थांबला होता. सोल्डरिंग तर रोज चालूच होतं. आता माझ्यावर येऊन काही वेळ झाला नाही, तोच तिने मनगट दाबून धरलं.

कळ आली होती. माझीच होती ती. पहिल्यापासून माझीच.

आणि तरीही, मित्रांनो, मला वाटत होतं, तिने मलाच न्यावं.

टिक-टिक

तिने मला सोडलं. पाटावरच्या सोल्डरिंग यंत्रावरचं झेंडूचं फूल बाजूला केलं, हात जोडून ते उचललं आणि नव्या माऊसला उघडलं. कापसाला स्पिरिट लावून आतून कुंकू पुसून काढलं. सगळं साफ झालं, पण डावी कळ मेली होती.

 ज्योतीराम पुढे वाकले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याच्यात तसलीच कळ असंल की."

"याची डावी झिजलीय, अप्पा."

"अन् उजवी?"

निशिगंधाने माझ्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी नीट पाहिलं.

माझे स्क्रू निघाले. ज्योतीरामांनी मला दोन्ही हातांत घट्ट धरलं. ग्राइंडरने चरे पडलेले ते हात आयुष्यात पहिल्यांदा मला लागले. ते सारखे विचारत होते, "निघाली का? बसल का? चालल का?"

"अप्पा, जरा कळ काढा."

थांबा, सोसा, असं म्हणायचं होतं तिला. माझ्या पोटातून मात्र कळ खरोखरच निघत होती. दुखलं का? ते सांगायला माझ्यापाशी शब्द एकच आहे, आणि तो तुम्हाला आता माहीत झालाय.

माझी उजवी कळ त्याच्या डाव्या बाजूला बसली. आयुष्यभर जिने नेम धरला, ती आता गोळी सोडणार होती.

त्याला घेऊन ती पिंपरीला गेली. मी टेबलावर उघडाच पडून होतो.

संध्याकाळी स्वरूपा दारातूनच ओरडत आली. "काकू, शेवटच्या डावात समोर एकच उरला होता आणि हिच्याकडे एकच गोळी! बटणाचा आवाज आला, टिक. एकदाच! गेला समोरचा! रणजीत बसलाय तिकडे बाशिंग सोडत." दुर्गाबाईंनी दोघींच्या हातात आपट्याची पानं ठेवली.  ज्योतीरामांनी माझे स्क्रू शोधून शोधून गोळा केले आणि मला परत बंद केलं.

टिक-टिक

तेव्हापासून मी या डब्यात आहे. पूर्वी मला त्याचा हेवा वाटायचा. आता मला माझ्याच उजव्या कळेचा हेवा वाटतो. ती तिच्या बोटाखाली आहे, मी नाही.

यंदाच्या खंडेनवमीला ज्योतीरामांनी त्याला लांबूनच एक पाकळी वाहिली, कोरडी. मग कपाटावरचा डबा काढला आणि माझ्या पाठीवर भलामोठा ओला टिळा ओढला. "ह्याला भोकं न्हाईत," ते म्हणाले. टिळा वाळलाय. मी तो अजून पुसू दिलेला नाही.

मित्रांनो, माऊस घ्याल तेव्हा दिवे बघू नका. बसून, डोळे मिटून हात ठेवा आणि आपल्या तोंडून श्वास सुटतो का ते बघा. दादाचा, ताईचा मोठा माऊस प्रेमाने वापरू नका, तो प्रेमानेच दुखवेल. आणि आमच्यासारख्या जुन्यांना कचऱ्यात टाकू नका. उघडून बघा. आत एखादी कळ शाबूत असते.

निशिगंधा आलेली दिसते. खुर्ची सरकली. आता ती ओठ दाताखाली धरेल.

टिक.