विनीनं नेलेले पाय

पाइनच्या झाडांखाली, विनी ट्रेगियरच्या थडग्याशी सगळं गाव गोळा झालं होतं. क्लॅरी हॉब्ज हा आमचा पाणाड्या, जमिनीखालचं पाणी शोधणारा. वाकवलेली तार दोन्ही मुठींत धरून तो हळूहळू पुढे आला, आणि थडग्यापाशी पोचताच तारेचं टोक सपकन खाली झुकलं. बायकांचे हात तोंडावर गेले. मीही दचकलो, खोटं कशाला बोलू?

"बघितलंत?" क्लॅरी म्हणाला. "पोलिओनं हिचे पाय नेले. आता पोर कोकरांचे घेतेय! पेटी उकरून ओढ्यापलीकडे न्या, नाहीतर उद्या तुमच्या कळपात येईल."

त्या वसंतात आयडा ट्रेगियरच्या रानात भयंकर प्रकार चालला होता. काल उड्या मारणारं कोकरू सकाळी मागचे पाय फरफटत आईमागे सरपटायचं. पायांना बांधायच्या लोखंडी पट्ट्या मिळेपर्यंत विनीही अशीच सरपटायची, हे सगळ्यांनी पाहिलेलं. पोर जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्या पट्ट्या अजून लोकर कातरायच्या शेडमध्ये टांगलेल्या होत्या. वाऱ्यानं वाजायच्या. आयडा, तिची आई, त्यांना तेल द्यायची. मी गुरांचा डॉक्टर, पण त्या शेडवरून जाताना माझीही पावलं भरभर पडत.

शेजारच्या मर्व्हनं फावडं उचललं.

"मर्व्ह, थांब," मी म्हणालो.

"डॉक्टर, तुमचं शास्त्र ठेवा तुमच्यापाशी. माझीही कोकरं आहेत."

आयडा थडग्याला पाठ लावून उभी राहिली. "तिला हवेत ना पाय? घेऊ दे. सगळा कळप घेऊ दे. पण माझ्या पोरीला उकरू नका रे!"

माझं डोकंच फिरलं. "क्लॅरी, तुझी तार पाणी ओळखते, आता भूतही ओळखायला लागली! डोळे बांधून चालशील?"

"झोपेत चालेन!"

त्याच्या डोक्यावर साखरेचं रिकामं पोतं चढवलं आणि त्याला गरागरा फिरवून सोडलं. आयडा बाजूला झाली. गडी थडग्यावरून सरळ चालत गेला, तार हलली नाही. पुढे जमलेल्यांसाठी मांडलेल्या चहाच्या टेबलाशी, बिस्किटांच्या डब्यावर मात्र जोरात झुकली.

"तिथं कोण पुरलंय रे क्लॅरी, माझी मावशी?" कुणीतरी ओरडलं.

लोक हसले. मनगट जरासं वळलं की तार झुकते, आणि मनगट वळतं ते थडगं इथंच आहे असं मनाला वाटलं की. चमत्कार एवढाच. पण मर्व्ह हसला नाही.

"मग कोकरं कशानं लुळी पडतात?"

प्रश्न रास्त होता. सकाळी मेलेलं एक कोकरू मी सगळ्यांसमोर फाडलं. कण्यात दाट पिवळा पू साचला होता आणि त्याखाली मज्जारज्जू चेपला होता.

"शेपटीला लेंडी चिकटू नये म्हणून ती कापतात ना, त्या जखमेतून घाण आत शिरली, रक्तातून कण्यात जाऊन बसली. वरची जखम केव्हाच भरली, आतली वाढत राहिली."

"शेपट्या आम्हीही कापतो."

"कुठे कापता?"

सगळ्यांच्या माना पाइनखालच्या जुन्या कोंडवाड्याकडे वळल्या. बाकीचे दरवर्षी कोवळ्या गवतावर नवं तात्पुरतं कुंपण घालत. आयडा मात्र तिथेच शेपट्या कापायची, कारण त्या कोंडवाड्याच्या वरच्या दांडीवर बसून विनी कापलेल्या शेपट्या मोठ्यानं मोजायची. ती दांडी आयडानं कुणाला हलवू दिली नव्हती. तिथे ऊन नाही, वर्षानुवर्षांची लेंडी, त्यात यंदाचा पाऊस. आणि दिवसभर एकच सुरी, एकाच डब्यातल्या गढूळ पाण्यात बुचकळलेली.

आयडा थडग्याशेजारी गवतात बसली.

"म्हणजे ती नव्हतीच?"

"नाही, आयडा."

"मला वाटायचं, कशीही असो, पण इथे आहे."

मी तिच्याशेजारी गवतात बसून राहिलो. मर्व्ह फावडं खांद्यावर टाकून निघून गेला.

पुढच्या वर्षी टेकडीवर, उन्हात कुंपण घातलं. प्रत्येक कोकरामागे सुरी उकळत्या पाण्यातून काढली. ती जुनी दांडी आयडानं स्वतः उचलून तिथे आणली, धुतली, आणि तिच्यावर बसून शेपट्या मोठ्यानं मोजल्या. त्या वर्षी एकही कोकरू लुळं पडलं नाही.

जिवंतपणी विनीनं कुणाचं काही घेतलं नव्हतं. मेल्यावर तिच्यावर चोरीचा आळ घेण्याआधी आपण सुरी उकळायला हवी होती.