प्रत्येकाशी प्रत्येक

चहाचा कप अर्धाही झाला नव्हता आणि काम संपलं होतं. चिंगीला तिथेच खटकायला हवं होतं. पण पडद्यावर वीस ओळी होत्या, वीसही ओळींच्या शेवटी 'नाही' होतं, आणि त्यातली एक ओळ तिच्या सख्ख्या भावाची होती. अशा वेळी माणसाला काय खटकणार, कपाळ!

चिंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पन्नाशीला टेकलेल्या बाईला कोण चिंगी म्हणेल? पण दादा म्हणायचा, आणि तो याच हॉस्पिटलात डायलिसिसला यायला लागल्यापासून शिपायापासून सिस्टरपर्यंत सगळेच म्हणायला लागले. ती इथली कॉम्प्युटर ऑपरेटर.

काम असं होतं. किडनी हवी असलेले वीस पेशंट. प्रत्येकाच्या घरचं एक माणूस द्यायला तयार, पण ती नेमकी आपल्याच माणसाला चालत नाही. दादाला चिंगीची चालत नव्हती. मग अदलाबदल करायची: तुमच्या बायकोची माझ्या भावाला, माझी तुम्हाला. त्यासाठी प्रत्येक देणाऱ्याची फाइल प्रत्येक पेशंटच्या फाइलशी ताडून बघायची. काळ्या पडद्यावर एक ओळीचा हुकूम दिला की कॉम्प्युटर दोन्ही याद्या घेतो आणि एकदम चार-चार जोड्या तपासत सुटतो.

चिंगीने वहिनीला फोन करून सांगून टाकलं. वहिनी फक्त "बरं" म्हणाली. त्या 'बरं'ने चिंगीचा चहा कडू झाला. कप ठेवताना पुन्हा पडद्याकडे नजर गेली. वीसच ओळी? वीस जणांची वीस जणांशी गाठ घालायची, तर चारशे हव्यात.

तिने हुकूम वाचला. मागच्या महिन्यात ज्याचा त्याच्याच नातेवाइकाशी मेळ बघितला होता, तोच हुकूम. सकाळी घाईत वरच्या बाणाचं बटण दाबलं, जुनी ओळ आली, तिने न वाचता एंटर मारलं. त्या ओळीत एक अधिकचं (+) चिन्ह होतं. ते असलं की कॉम्प्युटर पहिल्याची पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी एवढीच जोडी लावतो. म्हणजे जे जुळत नाही हे सगळ्यांना ठाऊकच होतं, तेच त्याने इमानेइतबारे पुन्हा सांगितलं होतं.

चिन्ह काढून तिने काम नव्याने लावलं. एका जोडीला चार मिनिटं, म्हणजे चार-चार तपासल्या तरी संध्याकाळ होणार. आणि अदलाबदली ठरवणारी डॉक्टरांची समिती चारला बसणार होती. पुढची बैठक दोन महिन्यांनी. यादीतल्या सगळ्यांकडे दोन महिने होतेच असं नाही.

घाबरलेला माणूस जे करतो तेच तिने केलं: एकदम सोळा जोड्या सोडल्या. मशीन म्हातारं. आधी कण्हलं, मग बसलंच. पडदा गोठला. ते बंद करून पुन्हा उठवेपर्यंत दुपारचे तीन वाजत आले. तोवर वहिनीचे दोन फोन येऊन गेले. चिंगीने उचलले नाहीत. काय सांगणार होती?

आता सगळ्या जोड्या चारपर्यंत होणार नाहीत हे उघड होतं. मग आधी कोणाच्या? चिंगीने इकडेतिकडे पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं, तरी पाहिलं. आणि दादाच्या जोड्या सगळ्यात वर घेतल्या. दादाला कोणाची चालते, आणि आपली कोणाला चालते, एवढं आधी. बाकीचे मागून.

दुपारच्या जेवणाचा डबा तिने उघडलासुद्धा नाही. ओळी येत होत्या. नाही. नाही. नाही. मग एक 'हो' आला. आठव्या घरच्या माणसाची किडनी दादाला चालत होती! चिंगीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. आता आपली आठव्या पेशंटला चालली की झालं. ती ओळ यायला अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात तिने दिसेल त्या देवाला काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच माहीत.

नाही.

आठव्याला तिची चालत नव्हती. इतर एकोणीस जणांनाही नाही. तिच्याकडे द्यायला काही नसताना आठव्या घराकडे मागायचं तरी कोणत्या तोंडाने? त्यांचा माणूसही मरणाच्या दारातच होता.

चिंगी ढसाढसा रडली. मग घड्याळ बघितलं. पावणेचार.  तिने आपल्या माणसासाठी खर्च केलेला वेळ त्या बाकीच्यांचा होता.

ती तशीच, डोळे न पुसता, बैठकीच्या खोलीपाशी गेली. दारातच कोऑर्डिनेटर मॅडम भेटल्या. याद्या, फोन, नातेवाईक सगळं त्याच बघायच्या.

"मॅडम, सकाळचा रिपोर्ट चुकीचा आहे. चूक माझी. थोडा वेळ द्या."

"चिंगीताई, समिती काय आपल्या मशीनसाठी थांबणार आहे?"

"आणखी एक. मी आधी दादाचं बघितलं. बाकीच्यांचं राहिलंय."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. रागावल्या होत्या हे दिसत होतं. मग म्हणाल्या, "दादांचं काय निघालं?"

चिंगीने नकारार्थी मान हलवली.

"जा. मी बाकीचे विषय आधी घेते. पण पाचच्या पुढे मला जमायचं नाही."

पाचला थोडा अवकाश असताना तिसऱ्याचं सतराव्याला जुळलं. सतराव्याचंही तिसऱ्याला. अजून बऱ्याच जोड्या बाकी होत्या, पण एक अदलाबदल तरी पक्की निघाली. चिंगीने कागद छापला आणि जिना धावत चढली. अगदी रेड्यासारखी धापा टाकत होती म्हणे. मॅडमनी नंतर तिला तसं चिडवलं. राहिलेल्या जोड्यांतून पुढेही काहीच निघालं नाही.

खाली डायलिसिसच्या हॉलमध्ये दादा खुर्चीत आडवा होता. एका हातात नळ्या. वहिनी औषधं आणायला गेली होती. चिंगीचं तोंड बघूनच तो म्हणाला,

"आपलं काही नाही ना?"

"नाही."

"कोणाचं जुळलं का?"

"दोघांचं." मग तिला राहवलं नाही. "दादा, मी तुझं आधी लावलं होतं रे. त्यापायी ते दोघं राहूनच जाणार होते."

 "मी पण तुझं आधी लावलं असतं," तो म्हणाला. "पण मग तुझ्यासारखं वर जाऊन सांगितलं असतं की नाही, देव जाणे."

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतल्या मुलीचा फोन वाजला. पोरसवदा, नवं लग्न झालेली, दादाची नेहमीची गप्पांची जोडीदारीण. ती ऐकत राहिली, मग "मॅडम, खरं?" एवढंच म्हणाली आणि रडायलाच लागली. दादाने चिंगीकडे पाहिलं. चिंगीने हळूच मान डोलावली.

"काका, माझं जुळलं! मॅडमचा फोन होता. तुमचं काय झालं?"

"आमचं?" दादा हसला. "आम्ही जुनं गिऱ्हाईक. आम्हाला कसली घाई? तू आधी आईला फोन लाव बघू."

ती फोन लावायला लागली. नंबर दोनदा चुकला. दादाने मोकळ्या हाताने टीव्हीचा आवाज कमी केला, तिला नीट बोलता यावं म्हणून, आणि डोळे मिटून घेतले. चिंगीने वाकून त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. ती नीटच होती.