फोटो काढणाऱ्याची उंची

खोक्यात एकूण एकसष्ट फोटो होते. तेवीस काळे-पांढरे, अडतीस रंगीत. काळ्या-पांढऱ्यांत वेल्सच्या किनाऱ्यावरचं स्वॉन्झी शहर होतं: जुनी गोदी, कोळशाची जहाजं, तांब्याच्या भट्ट्यांची धुराडी आणि एकेचाळीसच्या बॉम्बहल्ल्यात छप्पर गेलेला बाजार. हे फोटो लतिकाला तिच्या तिथल्या घरमालकीणबाईंनी, मिसेस बेव्हननी, निघताना दिलेले. रंगीत अडतीस लतिकाचे स्वतःचे, ऐंशी ते ब्याऐंशीमधले. ती तिथं सिव्हिलमध्ये एम.एस्सी. करत होती. एकतीस फोटोंत ती आहे, आणि त्यांतल्या सव्वीसांत ती हसते आहे. फोटो काढणारा एकाही फोटोत नाही.

आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. माझ्या पीएच.डी.साठी इथं एडिसनला आल्यापासून मीही तिचे दोन रोल संपवले होते. त्यांत ती पासपोर्टसाठी उभं राहावं तशी उभी आहे.

त्या मार्चमध्ये तिला कळलं की स्वॉन्झीची लायब्ररी शहराचे जुने फोटो आणि आठवणी गोळा करते आहे. ते तेवीस फोटो जूनमध्ये स्वतः नेऊन द्यायचे, असं तिनं ठरवलं. "तूही चल ना. दोन आठवडे. तुला सगळं दाखवते." मी "बघू" म्हणालो. तीनदा विचारलं, तीनदा "बघू".

ती "तिथं" म्हणाली की तिथं म्हणजे माहेरची सांगली नव्हे, स्वॉन्झी, हे मला एव्हाना पाठ झालं होतं. तिथं बाजारात बायका शिंपल्या विकतात. तिथं समुद्रातलं शेवाळ शिजवून नाश्त्याला खातात. बेव्हनबाई बॉम्बहल्ल्याच्या तीन रात्री जिन्याखाली बसून होत्या, मांडीवर शेजाऱ्यांची मांजर घेऊन. हे सांगताना ती पोळी लाटायची थांबायची. माझ्या लॅबबद्दल विचारताना कधी थांबली नाही.

माझ्या लॅबमधला नंदू शुक्रवारी जेवायला आला. खोकं पाहून त्यानं हात धुवायच्या आधीच फोटो पसरले.

"वहिनी, हे काढले कोणी?"

"बेव्हनबाईंनी. कॅमेरा हातात घेतला की सोडायच्याच नाहीत. आणि त्यांचा काढू म्हटलं की तोंड फिरवायच्या."

नंदूनं एक फोटो उचलला. उतरत्या उन्हात लतिका एका चौकात उभी, मागे गोद्यांच्या क्रेन्स. अलीकडे फुटपाथवर फोटो काढणाऱ्याची लांबलचक सावली. ओव्हरकोट, टोपी. बाई की बाप्या, सांगता येत नव्हतं.

"बाई भलत्याच उंच होत्या की! बास्केटबॉल खेळायच्या काय, यार?"

"छे रे, माझ्या कानाला लागायच्या," लतिका हसली.

फोटोतल्यासारखीच हसली. नंदू हसला. मी कोशिंबीर वाढून घेतली.

शनिवारी दुपारी ती ओक ट्री रोडला वाणसामान आणायला गेली, तेव्हा मी पट्टी, भिंग आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. तिची उंची मला माहीत होती, पाच फूट दोन इंच. कॅमेराही घरातच होता, पन्नास मिलिमीटरची लेन्स. त्यावरून कॅमेरा तिच्यापासून चोवीस फुटांवर होता, हे निघालं. फुटपाथच्या फरशा मोजल्या. सावलीचं टोक तिच्यापासून बारा फूट. म्हणजे सावली बारा फुटांची. तिची स्वतःची सावली तिच्या उंचीच्या बरोबर दुप्पट होती. बाराचे निम्मे सहा.

मी तीनदा मोजलं. माझी उंची पाच फूट सहा इंच आहे.

ती कधी आली ते कळलं नाही. पिशव्या ओट्यावर ठेवून तिनं माझ्या खांद्यावरून कागद वाचला.

"हे काय चाललंय?"

"सहा फूट," मी म्हणालो. "कानाला लागणारी बाई सहा फुटांची नसते."

"मग कोण असतं?"

"ते तू सांग."

ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि फोटो आपल्याकडे फिरवून घेतला.

"नंदूसमोर विचारायचं होतंस. निदान हसण्यावारी गेलं असतं."

"मी विचारत नाहीये. मी मोजलंय."

"चुकीचं मोजलंयस. मी उभी आहे तो चौक सपाट आहे. म्हणून माझी सावली दुप्पट. बाई उभ्या आहेत वर, चढावर. उतरत्या जमिनीवर सावली लांबते, श्रीरंग. फिजिक्समध्ये पीएच.डी. करतोस ना तू?"

"उतार तू म्हणतेस म्हणून धरायचा?"

"मी म्हणते म्हणून नको धरूस. ती बागेची भिंत बघ. विटांचे थर सरळ आडवे असतात, फुटपाथ तिरका जातो. विटा मोज."

ती उठली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन उचलून तिनं ट्रॅव्हल एजंटचा नंबर फिरवला. तो मराठीच होता, नागपूरचा.

"नमस्कार काका, मी लतिका. ते जूनचं लंडनचं... हो, तेच. करून टाका." मग थोडं थांबून म्हणाली, "नाही, दोन नकोत. एकच. ते येणार नाहीयेत."

मी थांब म्हणेपर्यंत तिनं फोन ठेवला होता. दूध फ्रिजमध्ये, डाळ डब्यात, कोथिंबीर ओल्या फडक्यात. तिनं एकेक वस्तू जागेवर लावली. मग खोक्यातले तेवीस काळे-पांढरे फोटो वेगळे काढून पाकिटात घातले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी भिंग उचललं. भिंत फोटोच्या डाव्या कडेला होती, विटा स्वच्छ दिसत होत्या. दहा विटांच्या अंतरात फुटपाथ तीन थर खाली जात होता. वीट मधल्या सांध्यासकट नऊ इंच लांब, थर तीन इंच जाड. नव्वद इंचांना नऊ इंच, दहाला एक उतार. पहिली सगळी आकडेमोड खोडून नवीन मांडली. बारा फुटांत साडेचौदा इंचांचा उतार, तो सहा फुटांतून वजा.

चार फूट साडेनऊ इंच, लतिकाच्या कानाइतकी. दीड इंच इकडे किंवा तिकडे.