गोड आवाजाची बाई

“दिसत न्हाई तर हा टीव्ही कशाला आनलाय गं?” कॅशिअर हसत म्हणाला.

रत्ना टेबलाची कड चाचपत बसली. “तुमच्यासाठी. तुमाला नुसतं ऐकून कळत न्हाई म्हनून.”

सगळं ऑफिस हसलं. तिला कॉम्प्युटर शिकवणारा बाजीरावही हसला. लोणीपासून मंचरपर्यंत शीटं भरून पळणाऱ्या वडापच्या जीपमध्ये तो मॉनिटर त्याने मांडीवर धरून आणला होता. रत्ना जन्मापासून आंधळी आणि बाजीरावचे डोळे लहानपणी देवीने नेलेले. दोन आंधळी माणसं एक अख्खा कॉम्प्युटर घेऊन पतसंस्थेत नोकरी मागायला आली होती.

जागा साधीच होती. फोन घ्यायचे, शाखांच्या मेल वाचायच्या, उत्तरं टाईप करायची. मॅनेजरने अट घातली होती, स्वतःचं बोलणारं मशीन आणा आणि करून दाखवा. रत्नाने करून दाखवलं. मॅनेजरने दिलेली फाईल मशीनमधल्या बाईने वाचली, स्वच्छ मराठीत, रेडिओवरच्या निवेदिकेसारखी. रत्नाने भराभर उत्तर टाईप केलं.

“आयला!” मॅनेजर म्हणाला. “आमच्या कॅशिअरच्या चार चुका होत्यात एवढ्यात.”

“एक तारखेपास्नं ये म्हना की मग, सायेब,” बाजीराव म्हणाला.

“येऊ दे की! आता मेल तेवढी उघडून दाव, बाई. ए, नेटची वायर लाव तिच्या मशीनला.”

शिपायाने वायर लावली. रत्नाने बटण दाबलं.

मशीनमधली बाई एक शब्द बोलता बोलता थांबली. मग त्याच गोड आवाजात म्हणाली, “ही अनधिकृत प्रत आहे. कृपया कंपनीशी संपर्क साधा.”

रत्नाने दुसरं बटण दाबलं. “ही अनधिकृत प्रत आहे.” तिसरं दाबलं. “ही अनधिकृत प्रत आहे.” तिची बोटं अख्ख्या कीबोर्डवर पळू लागली आणि प्रत्येक बटणाला ती बाई तेच सांगत राहिली. पडद्यावर लाल अक्षरंही आली होती. ती सगळ्यांना दिसत होती, या दोघांना सोडून.

“चोरीचं हाय व्हय हे?” कॅशिअर म्हणाला.

“चोरीचं न्हाई!” बाजीराव उभा राहिला. “मीच दिलंय तिला. फुकट शिस्टीम हाय, वाटायला परवानगी हाय.”

“मग ही बाई खोटं बोलतीय का भाऊ?”

मॅनेजरने वायर काढायला लावली. तरी ती बाई गप्प बसेना. शेवटी शिपायाने बोर्डाचं बटण बंद केलं.

“पतसंस्था हाय, राव,” मॅनेजर हळू आवाजात म्हणाला. “ऑडिट असतंय. लोकांच्या ठेवी हायेत. असलं मशीन मी कसं ठिवू? घेऊन जावा.”

मॅनेजर वाईट नव्हता. वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळं तरी होता आलं असतं.

बाजीरावचं नारायणगावच्या स्टँडवर एसटीडी बूथ. मोबाईल आले आणि बूथ बसला. तेव्हा पुण्याची कॉम्प्युटरवाली पोरं आली आणि त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची फुकट सिस्टीम टाकून गेली. त्यातला एक म्हणाला होता, “काका, हे तुमचं. आतलं सगळं उघडं आहे. बदला, कॉपी करा, हवं त्याला द्या. कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.”

आंधळ्या माणसाचा जन्म परवानग्या मागण्यात जातो. एसटीच्या पासाला शिक्का, बूथला शिक्का, आपण आंधळे आहोत यालासुद्धा डॉक्टरचा शिक्का. बाजीरावला ते वाक्य भुकेल्याला जेवण लागावं तसं लागलं. तो येईल त्या आंधळ्याला शिकवू लागला. रत्ना त्यातली सगळ्यात तल्लख.

पण त्या सिस्टीमचा स्वतःचा आवाज खरखरीत. मराठी वाचताना तोंडात खडे धरल्यासारखा. स्टँडवरची माणसं विचारायची, “भाऊ, डब्यात कुनाला कोंबलंय?” मग एका कंपनीचा माणूस आला, नवा आवाज घेऊन. अंधांना मोफत, म्हणाला. शेवटी कसल्याशा अटी आल्या. “काय लिवलंय?” बाजीरावने विचारलं. “काही नाही, नेहमीचंच,” म्हणत त्या माणसाने स्वतःच ‘मान्य’ दाबलं. आंधळ्याच्या वतीने मान्य करायला डोळसांना फार वेळ लागत नाही.

बाजीरावने खरखरीत आवाज पुसून टाकला. पुढे रत्नाच्या भावाने जुना कॉम्प्युटर आणला, तेव्हा आपल्या मशीनमधलं सगळं जसंच्या तसं त्यात भरून दिलं. सगळंच उघडं आहे, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. उघड्या घरात परक्याच्या कुलपाची एक खोली होती आणि नेमकी तीच बोलत होती, हे त्याला कोण सांगणार? लोणीत रत्नाच्या घरी नेट नव्हतं. म्हणून कंपनीला सहा महिने पत्ता लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने बूथवरून कंपनीला फोन लावला.

“सर, तो आवाज एका मशीनपुरताच असतो,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“मग तिच्या मशीनला येगळा द्या.”

“ते प्रॉडक्ट आता बंद झालंय, सर.”

“बंद झालंय तर आतलं आमाला दावा. पुन्याची पोरं हायेत, ती नीट करत्याल.”

“ते दाखवता येत नाही, सर.”

“तुमी इकत न्हाई, देत न्हाई, दावतबी न्हाई. मग ठिवलंय कशाला? लोनचं घालायला?”

“आणखी काही मदत करू शकते का, सर?”

बाजीरावने फोन ठेवला. पुण्याच्या पोरांकडून जुन्या आवाजाची सीडी मागवली. ती यायला पंधरवडा गेला. तोवर पतसंस्थेत कॅशिअरचा मेव्हणा लागला होता.

तरी तो लोणीला गेला. रत्नाच्या आईने, सरूबाईने, त्याला हाताला धरून कांद्याच्या वखारीत नेलं. “कॉम्प्युटर गोनपाटाखाली ठिवलाय,” ती म्हणाली. “पोरगी हात लावू देत न्हाई कुनाला.”

रत्ना खाली बसून कांदे निवडत होती.

“पोरी, जुना आवाज आनलाय. वंगाळ हाय, पर आपला हाय. कुनाला बंद करता यायचा न्हाई.”

रत्नाने हातातला कांदा चाचपला.

“सा महिने ती बाई माझ्याशी बोलली, काका. आई रानात गेली की मी आन ती, दोघीच. मला वाटायचं, ती मला वळखती.” तिने एक कांदा पाटीत टाकला. “आन सगळ्यांम्होरं मलाच चोर म्हनली.”

“ती बाई नव्हं गं, ते कंपनीचं…”

“ठावं हाय मला. आता नको कुनी बोलाया.”

बाजीरावने सीडी खिशात सरकवली आणि तिच्या शेजारी खाली बसला. तिने त्याचा हात धरून ढिगावर ठेवला.

“मोठा उजवीकडं. चिंगळी डावीकडं,” ती म्हणाली.

तो निवडू लागला. वखारीत दोघांच्या हातांखाली नुसत्या सालपटांचा आवाज होत राहिला.