मयत म्हणजे मास्तर

"मयत म्हणजे आमचा मास्तर का?" ड्रायव्हरने विचारलं.

वकीलबाईंनी आरोपपत्रावरून नजर वर उचलली. "हो. कागदात असंच लिहितात."

"आणि आरोपी म्हणजे मी."

"तुम्ही."

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर ड्रायव्हर बसला होता.  त्याच्या बसवरच्या कंडक्टरला सगळा डेपो मास्तर म्हणायचा. बावीस वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यावरूनही त्यांची जुंपायची. पण एक रजेवर गेला की दुसऱ्याचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं व्हायचं. गाडी मागे घ्यायची असली की मास्तर खाली उतरून पत्र्यावर दोन थापा मारायचा, आणि ड्रायव्हर बिनघोर रिव्हर्स टाकायचा. त्या संध्याकाळीही थापा आल्या. त्याने गाडी मागे घेतली आणि लोक ओरडले. थापा मारून झाल्यावर मास्तर पुन्हा गाडीमागे का गेला, ते कुणालाच कळलं नाही.

"नीट ऐका," वकीलबाई म्हणाल्या. "ठरवून जीव घेणं वेगळं. जीव जाईल हे ठाऊक असून करणं वेगळं. आणि हयगयीमुळे कुणी दगावणं वेगळं. तुमच्यावर तिसरा आरोप आहे."

"माणूस एकच गेला ना, बाई?"

बाईंनी आरोपपत्र मिटलं. "कायदा मनात काय होतं ते बघतो. आज न्यायाधीश विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तुम्ही नाही म्हणायचं. मग खटला चालेल, तेव्हा थापांचं सांगू. इशारा मिळाला म्हणून गाडी घेतली, म्हणजे हयगय तुमची नाही. त्यांच्या बायकोलाही विचारू, नवरा धांदरट होता का."

"म्हणजे चूक मास्तरची ठरणार?"

"त्यांना आता शिक्षा व्हायची नाही."

ड्रायव्हरने समोर पाहिलं. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला मास्तरची बायको, त्याची वहिनी, एकटीच बसली होती. मास्तरचा चष्मा तिने स्वतःच्या पर्सच्या पट्ट्यात अडकवला होता.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला. मागचं न पाहता बस मागे घेऊन मयताच्या मृत्यूस कारणीभूत झाल्याचा.

"समजलं?"

"समजलं, साहेब."

"गुन्हा कबूल आहे?"

"आहे."

वकीलबाई ताडकन उठल्या. न्यायाधीशांनी हातानेच त्यांना थांबवलं. "कुणाची जबरदस्ती नाही ना? कैद होऊ शकते. कबुली द्यायलाच हवी असं नाही."

"नाही साहेब. आरसा माझ्यासमोर होता. मी पाहिला नाही." एवढं मात्र शंभर टक्के खरं होतं.

आजवरची साफ नोकरी लक्षात घेऊन सहा महिन्यांची कैद झाली.

बाहेर येताच वहिनी आडवी आली. त्याला घेऊन निघालेला हवालदार दोन पावलं मागे सरला.

"भावजी, खरं सांगा. त्यांनी थापा मारल्या होत्या ना? मला ठाऊक आहे त्यांची घाई. घरी चप्पलसुद्धा चालता चालता घालायचे."

ड्रायव्हरने तिच्या पर्सवरच्या चष्म्याकडे पाहिलं. 

"नाही, वहिनी. मास्तर कधी चुकायचा का? तो थांब म्हणून ओरडला, मीच ऐकलं नाही."

 त्याचं बोलणं तिला पटलं नाही. तरी पदर तोंडाशी धरून ती मटकन पायरीवर बसली आणि पहिल्यांदा मोकळेपणाने रडली. तो तिच्याजवळ उभा राहिला. हवालदारानेही घाई केली नाही.

मग पोलिसांची गाडी लागली. ड्रायव्हर चालत गेला, सवयीने पुढच्या दाराशी थांबला आणि स्टिअरिंगच्या बाजूची कडी धरली.

"काका," हवालदार हळूच म्हणाला, "तुम्ही मागे बसायचं."